विचारण्यासाठी जागं करणं

शंभर मिलिलिटर रक्तद्रवात कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असतं. काही कर्करोगांच्या गाठी पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं एक प्रथिन सोडतात. त्यामुळे हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत. आधी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ; मग असंबद्ध बोलणं, गुंगी, शेवटी बेशुद्धी. अंगातलं पाणी घटलं की आकडा आणखी चढतो.

बाळापूरला माझ्या आबाजींचं असंच झालं. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग, कर्करोगावरचे उपचार संपलेले. ते माणसं ओळखेनासे झाले तेव्हा शेजारी म्हणाले, "आता शांत झाले बाप्पा." अकोल्यात तपासलं तर कॅल्शियम १४. सलाईन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडने दोन-चार दिवसांत बहुधा शुद्धीवर येतील, कर्करोग मात्र तसाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काका म्हणाले, "झोपीतच जाऊ द्या, दुखण्यात कायले परत आणता?" आत्या म्हणाली, "बाबालेच इचारा ना." पेच इथेच होता. ज्या उपचारासाठी संमती हवी, तो केल्याशिवाय संमती विचारताच येत नव्हती.

माझ्या कामात दुरुस्त होणारा दोष दिसला की तो दुरुस्त करतात. माणसाच्या बाबतीत एवढं कारण पुरत नाही. काकांचा मुद्दा दयेचा होता. तरी मला आत्याचं पटलं. ती शांतता आबाजींनी निवडलेली नव्हती. ती आमच्या सोयीची होती, म्हणून त्यांचीही असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

ते शुद्धीवर आले. दुखणंही परतलं, मॉर्फिन वाढवावं लागलं. शेताचे कागद आत्याच्या हाती देऊन ते म्हणाले, "मले समजलं. पुढच्या टायमाले नोका लावू सलाईन."

तीन आठवड्यांनी पुन्हा गुंगी आली. या वेळी फक्त मॉर्फिन चालू ठेवलं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गुंग्या सारख्याच. पण दुसरीच्या आधी त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं.

असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे. घरात असा आजार असेल, तर माणूस नीट बोलतोय तेव्हाच हे विचारून घ्यावं. विचारलं नसेल आणि उपाय शक्य असेल, तर निदान एकदा तरी जागं करून पाहावं, असं मला वाटतं.