डोंगराचे नाव

औरंगजेबाने १७०० साली साताऱ्याचा किल्ला घेतला आणि आपल्या शहजाद्यावरून त्याचे नाव 'आझमतारा' ठेविले. पुढे मराठ्यांनी तो परत जिंकला आणि त्याला 'अजिंक्यतारा' म्हटले. जो एकदा जिंकला गेला, त्याला अजिंक्य कसे म्हणावे? वरवर पाहता ही विसंगतीच. परंतु ते नाव म्हणजे घडलेल्या गोष्टीचे वर्णन नव्हते. ती प्रतिज्ञा होती.

नाव ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक मालकीची. महाबळेश्वरच्या एका कड्याला गावकरी मढीमहाल म्हणत. नकाशात तेथे आर्थर मॅलेट साहेबाचे नाव चढले. त्या नावावरून कोण आला एवढे कळते, डोंगर कळत नाही. दुसरी तऱ्हा नात्याची. दूर स्कॉटलंडात गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांनी एका शिखराला 'एटिव्ह खोऱ्याचा थोरला गुराखी' म्हटले. आपल्या धनगराला हे नाव परके वाटणार नाही. गुरे राखता राखता माणसाला वाटते, आपल्यालाही कोणीतरी राखीत आहे.

आपल्याकडे सह्याद्रीपासून फुटून, माण-खटावच्या उन्हातून सांगली जिल्ह्यात उतरणारी सबंध रांग 'शंभू महादेवा'ची म्हणून ओळखली जाते. मुलूख कमी पावसाचा. तरीही चैत्रात शिखर शिंगणापुरी खांद्यावर कावडी येतात. सासवडची कावड अवघड मुंगी घाट चढते आणि ते पाणी देवावर घातले जाते. ज्या मातीला पाण्याचे मोल ठाऊक, तेथेच माणूस डोंगराला पाणी नेऊन देतो!

या दगडात देव खरोखर आहे काय, असे कोणी विचारील. त्याचा निकाल ज्याने त्याने लावावा. पण महादेव म्हणून हाक मारली की आपल्यावर काही बंधन येते, एवढे निश्चित. वर जाऊन हात जोडावे आणि खाली येऊन तोच डोंगर खडीसाठी सुरुंग लावून फोडावा, तर मग आपण देवाचे नाव घेतले, की नुसता पत्ता सांगितला? मालकीचे नाव बदलले तर फक्त पाटी बदलते. नात्याचे नाव मोडले तर शब्द मोडतो.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. आधी तो नुसता चिखल असतो. एकदा त्याला नाव दिले, की मग मात्र ती कोणाला त्यावर पाय ठेवू देत नाहीत. एवढे शहाणपण मोठ्यांनीही जपावे.