समुद्राची हद्द आणि आपली हद्द



जगात कुठे कुठे बेटे बुडत आहेत, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो आणि पान उलटतो. कुठे तो पॅसिफिक महासागर आणि कुठे आपण! परंतु कफ परेडचे मच्छीमार नगर आपल्या शेजारी आहे. तेथील घरांच्या उंबऱ्यापासून भरतीची रेषा फार दूर नाही. म्हणून ही बातमी परक्याची समजून आपल्याला चालणार नाही. आज आपण दोन प्रश्नांचा विचार करू या. बेटे आणि किनारे का बुडतात? आणि हा देवाचा कोप आहे काय?

नाहीशी झालेली बेटे पाहायला लांब जायला नको. आपण राहतो ती मुंबई म्हणजे एकेकाळची सात बेटे: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. यांतला धाकटा कुलाबा आज कोणी दाखवू शकेल काय? १८३८ साली कुलाबा कॉजवे झाला, दोन्ही बाजूंनी भराव पडत गेला आणि ते बेट शहराच्या पोटात गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्रात भराव घातला. त्या जमिनीला ट्रस्टचे टी. डब्ल्यू. कफ यांचे नाव मिळाले, तेच आपले कफ परेड. पुढे बॅकबेच्या भरावाने समुद्र आणखी मागे ढकलला. म्हणजे येथील बेटे समुद्राने गिळली नाहीत, माणसानेच समुद्र बुजवून ती पुसून टाकली.

पण याच मुंबईत जमीन बुडाल्याचीही साक्ष आहे. १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू होते, तेव्हा भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलात, खैराच्या झाडांचे बुंधे सापडले. त्यांतले अनेक जसेच्या तसे उभे होते. खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे तेथे कधीतरी कोरडी जमीन होती, रान होते आणि ते रान खाली गेले. त्या काळी ना कारखाने होते ना मोटारी. परमेश्वराने घडवलेली ही पृथ्वी स्थिर दगड नाही. ती हळूहळू हलते, उचलली जाते, खचते. हे निसर्गाचे काम आहे.

मग आज वेगळे काय घडते आहे? शास्त्रज्ञ त्याची मुख्यतः तीन कारणे सांगतात.

पहिले कारण, समुद्राची पातळीच वाढते आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो धूर सोडतो, त्याने पृथ्वी तापते. तापलेले पाणी फुगते आणि डोंगरांवरचा व ध्रुवांकडचा जमिनीवरील बर्फ वितळून समुद्राला मिळतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. अलीकडे हा वेग वाढला आहे. आपल्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. आशियातील जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. समुद्र एका रात्रीत चढत नाही, तो मिलिमीटरने चढतो. म्हणूनच तो आपल्या लक्षात येत नाही.

दुसरे कारण, जमीन खाली बसते. नदीने आणलेला गाळ आणि माणसाने टाकलेला भराव स्वतःच्या भाराने दबत जातो. त्यात जमिनीखालचे पाणी उपसले की ती आणखी खचते. इंडोनेशियाच्या जकार्ता शहरात हेच झाले. शहराचा काही भाग इतका खचला की २०१९ मध्ये त्या देशाने राजधानी दुसऱ्या बेटावर नेण्याचे जाहीर केले.

तिसरे कारण, किनारा झिजतो. वाळू उपसली, खारफुटी तोडली, कुठे एका बाजूला बांध घातला, की लाटा दुसरीकडची जमीन खरवडून नेतात. आपल्याकडे सातपाटीच्या आणि अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

ही तिन्ही कारणे एकत्र आली की बेट जाते. सुंदरबनातील लोहाचरा या बेटावर माणसे राहत होती. ते पाण्याखाली गेले. शेजारच्या घोडामारा बेटाचा बराच भाग गेला आणि तेथील कितीतरी कुटुंबांना सागर बेटावर जाऊन नव्याने चूल मांडावी लागली. आपल्याच अरबी समुद्रात, लक्षद्वीपमधील बंगारम येथील पराली नावाचे एक छोटे निर्जन बेट झिजून पूर्ण नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये संशोधकांनी सांगितले. पॅसिफिकमधील किरिबाटी देशात अर्ध्याहून अधिक लोक आपल्यासारखेच कॅथलिक आहेत. १९९९ मध्ये त्यांची दोन निर्जन बेटे पाण्याखाली गेली. २०१४ मध्ये त्या देशाने दूरच्या फिजीमध्ये सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन अँग्लिकन चर्चकडून विकत घेतली. ज्या वाळूत वाडवडिलांना मूठमाती दिली, ती वाळूच राहणार नाही, तर आपण जायचे कुठे, हा प्रश्न तेथील आई-बापांपुढे उभा आहे.

आणि आपल्यापुढे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पडला होता. आपण वाचलो. पण ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्यातच चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या होड्या आणि जाळी यांची नासधूस केली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईचे तत्कालीन पालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी जाहीरपणे सांगितले की, २०५० पर्यंत कफ परेड, नरिमन पॉइंट आणि मंत्रालय परिसराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली जाण्याची शक्यता आहे. हा अंदाज आहे, विधिलिखित नव्हे. परंतु आज ज्यांचा बाप्तिस्मा होतो, ती बालके २०५० साली ऐन तारुण्यात असतील.

आता दुसरा प्रश्न. हा देवाचा कोप आहे काय?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका दुर्घटनेचा उल्लेख आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसे दगावली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच स्पष्ट नकार देतो. बंधू-भगिनींनो, हा नकार आपण मनावर कोरून घेऊ या. लोहाचराचे शेतकरी पापी होते म्हणून त्यांचे बेट गेले नाही. सातपाटीचा नाखवा पापी आहे म्हणून लाटा त्याच्या अंगणात येत नाहीत. दुसऱ्याच्या संकटात त्याचे पाप शोधणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे.

परंतु प्रभू तेथेच थांबत नाही. लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. म्हणजे दुर्घटना ही मेलेल्यांच्या पापाचा हिशेब नाही, ती जिवंत असलेल्यांना हाक आहे.

आपल्याला ही हाक कशासाठी आहे? ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर सांगतो की त्याने समुद्राला दारे आणि अडसर लावले, त्याला हद्द घालून दिली. आपण आजवर हे वाचून समुद्राच्या हद्दीचाच विचार केला. पण हद्द एका बाजूची नसते. समुद्राने जमिनीवर यायचे नाही, तसे माणसानेही लोभाने समुद्राच्या जागेवर चालून जायचे नाही. दर्यावर जगणाऱ्या कोळ्याला हे कळते. उधाण असते तेव्हा तो होडी वर ओढतो. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत तो जाळे गुंडाळून ठेवतो. पोट हातावर असूनही तो थांबतो. थांबायचे कुठे हे विसरलो ते आपण, ज्यांना पुरेसे असूनही आणखी हवे असते.

आणि यात मोठा अन्याय आहे. ज्याने सर्वांत कमी धूर केला, त्याच्या दारात पाणी सर्वांत आधी येते. मच्छीमार नगरातील एका खोलीतले दिवे-पंखे आणि मागच्या उंच इमारतीतील एका मजल्याचा विजेचा खर्च यांची तुलना करून पाहा. भरती मात्र दोघांसाठी एकच आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे पत्र जगाला लिहिले. वसुंधरेचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे वेगळे नाहीत, हे त्यांनी त्यात आपल्याला शिकवले.

आणखी एक धोका आहे. उद्या किनारा वाचवण्याच्या नावाखाली कोळ्यालाच किनाऱ्यावरून दूर हलवले जाईल काय? राजा अहाबाला नाबोथाचा मळा हवा होता. त्याने चांगला मोबदला देऊ केला होता, तरी नाबोथाने वाडवडिलांचे वतन दिले नाही. कोळ्याला सातव्या मजल्यावर घर मिळाले, तरी होडी कुठे लावायची आणि जाळी कुठे सुकवायची? त्याची सुरक्षितता आणि त्याचा किनारा, दोन्ही जपावे लागतील. असे निर्णय होतील तेव्हा आपण नाबोथाच्या बाजूला उभे राहणार की अहाबाच्या?

बुरुजाच्या गोष्टीनंतर लगेच प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी विनवतो, आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपल्याला मिळालेला काळ हा त्या एका वर्षासारखा आहे. ते वर्ष हळहळ करण्यासाठी दिलेले नाही, कुदळ हातात घेण्यासाठी दिलेले आहे.

मग आपण काय करू या? आपल्या बॅकबेच्या काठची खारफुटी ही लाटांना अडवणारी भिंत आहे. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीची तोड थांबवण्याचे आदेश दिले. तिच्यात राडारोडा किंवा कचरा टाकला जात असेल तर आपण गप्प बसू नये. आपल्या घरचे प्लास्टिक नाल्यात जाऊ देऊ नये. जेथे पंखा पुरतो तेथे एसी लावू नये. पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रत्येक वाडीत आणि इमारतीत एकटे राहणारे वृद्ध, अपंग आणि आजारी यांची नावे लिहून ठेवावीत आणि पाणी चढले तर कोणी कोणाला आणायचे हे आधीच ठरवावे. त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असा भेद नसावा. पाणी चढताना तो भेद करीत नाही.

प्रभू येशूने आपले पहिले शिष्य किनाऱ्यावरच निवडले. त्यांच्या होडीत बसून त्याने उपदेश केला, त्यांच्याबरोबर तो वादळात सापडला आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर निखारे पेटवून त्याने त्यांना न्याहारी दिली. असा किनाऱ्यावर रमणारा प्रभू आपल्याला सोडून जाणार नाही. पण होडीत पाणी भरत असताना ते उपसण्याचे काम शिष्यांचे असते.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभो, जमीन आणि समुद्र दोन्ही तुझे आहेत. ज्यांची घरे पाण्याने नेली, त्यांना आसरा दे. रात्री दर्यावर असलेल्यांना सुखरूप घरी आण. आम्हाला आमची हद्द ओळखण्याची बुद्धी दे आणि दिलेला काळ वाया न घालवण्याचे बळ दे. आमेन.