दाव्याची गाठ

सप्ताहाच्या निमित्ताने एका गावी मुक्काम होता. सकाळी यजमानांच्या गोठ्यात कालवडींना लस टोचायची होती. घरच्या मुलाने घाईघाईत पाच महिन्यांच्या एका कालवडीच्या गळ्यात सरकफास टाकला आणि ओढले. ती जो जो मागे रेटी, तो तो फास आवळे. तिचे डोळे फिरले, जीभ बाहेर आली. वडिलांनी विळ्याने दावे कापले म्हणून ती वाचली. पोरगा रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "महाराज, मी तिच्या भल्यासाठीच धरत होतो ना?"

वाचकहो, या प्रश्नाने मी दिवसभर अस्वस्थ होतो. हेतू शुद्ध असला म्हणजे कृती शुद्ध होते काय?

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, मुक्या जिवाला बांधणे हीच हिंसा. बांधूच नये म्हणजे झाले. हे बोलणे गोड, पण गोठ्यात टिकत नाही. सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयातच द्यावी लागते. ती जिवंत जंतूंची असते. वासरू उसळले आणि सुई माणसाला लागली, तर तो रोग माणसालाही जडू शकतो. तेव्हा न बांधणे ही नेहमीच दया नव्हे. पुष्कळदा तो आपला आळस असतो.

मग बांधावे कसे? आलेल्या पशुवैद्यांनी त्या मुलाला जवळ बसवून सांगितले, ते मीही ऐकले. वासराला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये. बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जावे. गळ्यात फास नको, तोंडाला म्होरकी घालावी. शेपूट पिरगाळू नये, कान ओढू नये. अंग भिंतीला लावून एक हात जबड्याखाली, दुसरा मागच्या बाजूला ठेवावा. औषध पाजताना मान फार वर करू नये. ते फुप्फुसात जाते. दावे आपल्या हाताला गुंडाळू नये, झटक्यासरशी बोटे जायची. गाय वासराला दिसेल अशी, पण आडोशापलीकडे असावी. आणि गाठ? निरगाठ कधी नाही. सुरगाठ मारावी, एक टोक ओढले की सुटली पाहिजे.

या शेवटच्या वाक्यावर माझे मन थांबले. आपले 'दावे' संस्कृत 'दामन्' शब्दापासून आले. यशोदेने ज्याला दाव्याने बांधले तो दामोदर. भागवताच्या दशम स्कंधात कथा आहे की, दावे दर वेळी दोन बोटे कमी पडे. शेवटी आई दमली हे पाहून तो आपणहून बांधला गेला. तेथे बांधल्या जाणाऱ्याची संमती होती. वासराची कोठे असते? त्याला लस कळत नाही, रोग कळत नाही. त्याला फक्त आपला हात कळतो. संमती देता येत नाही अशाला बांधायचे, तर त्याच्या वाटचा विचारही बांधणाऱ्यानेच करायला हवा. 'भल्यासाठी' म्हटल्याने ही जबाबदारी कमी होत नाही, उलट दुप्पट होते.

आपल्या देशाच्या 1960 च्या कायद्यानेही जनावर बांधणे हा गुन्हा ठरवलेला नाही. अवाजवी आखूड किंवा जड दोराने, अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजे प्रश्न दोराचा नाही, मर्यादेचा आहे.

त्या मुलाला मी इतकेच म्हणालो, "बाळ, तुझा हेतू चांगला होता, पण तिच्या गळ्याला तुझा हेतू लागला नाही, फास लागला." त्याने दुपारी स्वतः म्होरकी वळली. संध्याकाळी सुरगाठ मारून मला दाखवली, सोडूनही दाखवली.

वत्सावरून 'वत्सल' शब्द झाला. लेकराला, सुनेला, म्हाताऱ्या आईबापांना आपणही त्यांच्या भल्यासाठी म्हणून कितीदा बांधतो! बांधावे लागेल तेव्हा बांधावे. पण गाठ सुटणारी आहे ना, हे आधी पाहावे. सुज्ञांस अधिक काय सांगावे!