कमानीची मागची बाजू

देवाला काही द्यायचं ते नाव घालून द्यावं की नाव न घालता, हा प्रश्न मला पडला तो देवळात नव्हे, बँकेच्या काउंटरवर. आमच्या शाखेत एका देवस्थानाचं खातं आहे. महिन्यातून एकदा विश्वस्त दानपेटीतली रक्कम पोत्यात भरून आणतात आणि ती मोजण्याचं पुण्य माझ्या पदरी पडतं. (बाकीची मंडळी नेमकी तेव्हाच चहाला गेलेली असतात.) एवढ्या वर्षांच्या मोजणीतून माझा एक निष्कर्ष निघाला आहे. फाटकी, चिकटवलेली, भाजीवाल्यानेसुद्धा परत केलेली नोट दानपेटीत हमखास सापडते. पावती फाडून, नाव सांगून फाटकी नोट देणारा भाविक मात्र मी अजून पाहिलेला नाही.

तरीही गुप्तदान श्रेष्ठ, असंच मी मानत आलो. कारण आमचे नाना. नाना प्राथमिक शाळेत मास्तर. देवळातल्या पायऱ्या, फरशा, घड्याळ, झालंच तर पंख्याची पाती, जिथे जागा मिळेल तिथे रंगवलेली देणगीदारांची नावं दिसली की नाना म्हणायचे, "देवाला पत्ता ठाऊक असतो रे, त्याला कशाला कळवायचं?"

या समजुतीला धक्का बसला तो थेट जपानात. बँकेतला कारकून जपानात कसा पोचला, अशी शंका वाचकांना (आणि आमच्या साहेबांना) येणं साहजिक आहे. खुलासा असा, की माझा भाचा ओसाकाला नोकरीला आहे आणि तिकिटं त्याने काढली होती. एका सकाळी तो आम्हा उभयतांना क्योतोला घेऊन गेला. तिथलं फुशिमी इनारी हे शिंतो देवस्थान इ. स. ७११ मधलं. इनारी हा मुळात भाताचा देव. पुढे व्यापाऱ्यांनीही त्याला आपलासा केला. त्याचे दूत म्हणजे कोल्हे. दगडी कोल्हे जागोजाग बसलेले, त्यातल्या काहींच्या तोंडात भाताच्या कोठाराची किल्ली! किल्ली अशी दातात धरून बसणारा कॅशियर आमच्या शाखेला अजून लाभायचा आहे.

देवळामागून डोंगर सुरू होतो. उंची २३३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीने ज्याला टेकाड म्हणावं असा. पण त्याच्या वाटेवर शेंदरी रंगाच्या लाकडी कमानी उभ्या आहेत. कमानीला तिकडे तोरिई म्हणतात. (ऐकल्यावर आपल्याला तोरण आठवतंच, पण त्यांचं काही नातं आहे का, यावर विद्वानांचं एकमत नाही, तेव्हा मी मध्ये पडत नाही.) एका जागी त्या इतक्या खेटून उभ्या आहेत की वर आभाळ दिसत नाही, बाजूचं झाड फटीतून दिसतं. त्या भागाला हजार कमानी असं नाव आहे. सगळ्या डोंगरावर मिळून सुमारे १०,००० आहेत म्हणतात. चढताना नुसता शेंदरी उजेड. कुठे अक्षर नाही, पाटी नाही. मी भारावून सौभाग्यवतीला म्हणालो, "बघ, हे खरं दान! एवढं उभं केलं आणि कुणी नावसुद्धा घातलं नाही." ती धापा टाकत असल्यामुळे काही बोलली नाही. मी याला संमती समजलो.

परत फिरलो आणि पाहतो तो काय, प्रत्येक खांबाच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत काळीभोर अक्षरं! एका खांबावर देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर अर्पण केल्याची तारीख. भाचा वाचून दाखवू लागला. "मामा, ही बांधकामाची कंपनी. ही छापखान्याची. हे कुणी गृहस्थ, नागोयाचे." माझा चेहरा पडला. सौ.ला आता दम आला होता. ती म्हणाली, "सांगा आता!"

प्रथा अशी, की मागितलेलं पदरात पडावं म्हणून किंवा पडलं म्हणून कमान द्यायची. जपानीत पार होण्याला 'तोरु' म्हणतात. काम पार पडलं, कमान द्या. इदो काळापासून, म्हणजे १६०३ नंतरच्या अडीचशे वर्षांत, ही चाल रूढ झाली. आकाराप्रमाणे दर आहेत : लहान कमान काही लाख येन, मोठी दहा लाखांच्या वर. देवळाचा मोठा दरवाजा तर हिदेयोशी या सत्ताधीशाने १५८९ मध्ये बांधला. आईचं दुखणं बरं व्हावं म्हणून केलेला नवस होता, असं सांगतात. म्हणजे सगळा रोखठोक व्यवहार. आणि लाकूडच ते! पावसाने बुडखा कुजतो, कमान उतरवावी लागते आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची येते. आमच्याकडची मुदत ठेव संपताना निदान नूतनीकरणाचं विचारतात.

पण एक गोष्ट मला बोचत राहिली. नाव घातलेलं आहे, पण देवाकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाही. परतताना ते दिसतं आणि मग कळतं, आपण सकाळपासून कुणाच्या सावलीतून चालत होतो. हे कळल्याने माझं काय बिघडलं? उलट त्या नागोयाच्या गृहस्थाला मी मनातल्या मनात नमस्कार करून बसलो होतो.

आणि नाना आठवले. नाना गेले त्यानंतर त्यांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा निघाला. दरमहा पंचवीस रुपये, अकरा वर्षं, जुन्या विद्यार्थ्याच्या नावे. घरात कुणालाच पत्ता नव्हता. आलेगेले लोक गहिवरले. आई मात्र गप्प. तेराव्यानंतर एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मला तरी सांगायचं. मी काय नको म्हणाले असते?" थोड्या वेळाने म्हणाली, "पंचवीस रुपये कुठे जातात म्हणून मी दर महिन्याला हिशेब घालायचे. दूध बंद केलं. स्वतःचंच." म्हणजे अर्धं दान तिचं होतं आणि तिला द्यायलाही मिळालं नाही. नाना थोर होते यात वाद नाही. पण ते पावत्यांचं पान त्यांनी आईपुढे एकदा उलटं करून ठेवलं असतं, तर त्यांचं पुण्य किती पैशांनी घटलं असतं, हे मला वाणिज्य शाखेची पदवी असूनही काढता येत नाही.

ज्यांना मोठी कमान परवडत नाही त्यांच्यासाठी तिथे हातात मावेल एवढी कमान मिळते. ती मी घेतली. भाचा म्हणाला, "मामा, यावर नाव लिहायचं असतं." पेन हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी देवस्थानाच्या पावतीपुस्तकात असतं तसं लिहिलं : 'एक सद्गृहस्थ.'

सौ.ने ते वाचलं, माझ्या हातून पेन काढून घेतलं, कमान उलटी केली आणि मागच्या बाजूला आधी सासूबाईंचं आणि त्यापुढे नानांचं नाव गावासकट लिहिलं. मग भाच्याला म्हणाली, "याच बाजूने फोटो काढ रे. आईंना पाठवायचाय."