टेंट हाउसची वही

उज्जैनच्या फ्रीगंजात लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातली माणसं अजून जांभया देत असताना, टेंट हाउसचा माणूस वही घेऊन दारात उभा राहतो. गाद्या, रजया, तक्के, पातेली, पराती, झारे, स्टीलचे ग्लास. एकेक वस्तू मोजून टेम्पोत चढते आणि वहीत तिच्यापुढे खूण होते. आमच्या ताईच्या लग्नात एक झारा कमी भरला. आई म्हणाली, काय होतील ते अनामतीतून कापून घ्या. तो हलेचना. "पैसे की बात नहीं है, भाभीजी, गिनती पूरी होनी चाहिए." अर्ध्या तासानं झारा गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सापडला. तिथे तो कशाला गेला होता हे आजतागायत कळलेलं नाही.

हे सगळं आठवलं ते त्याच ताईच्या मुलामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडचा लॅपटॉप आधी त्याच्या मोठ्या बहिणीचा होता. ती नोकरीला पुण्याला गेली, नवा घेतला, हा मागे राहिला. एका रविवारी तो लॅपटॉप उघडूनच घरात शिरला. "मामा, नोड नवीन टाकलं, पण जुनंच चालून राहिलं." (उज्जैनच्या मराठीत गोष्टी चालत नाहीत, 'चालून राहतात'. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.)

नोड म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर चालवणारं साधन. त्याला चिन्ह नाही, खिडकी नाही. टर्मिनलमध्ये नाव टाइप करायचं, ते हजर होतं. मी त्याला यंत्रालाच विचारायला लावलं की या नावाचे किती जण या यंत्रात राहतात. उत्तर आलं, तीन. एक एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकानं बसवलेलं, एक स्नॅप या दुसऱ्या व्यवस्थापकानं आणि एक एनव्हीएम नावाच्या, नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनानं. पहिली दोन बहुधा बहिणीच्या काळातली, तिसरं याचं. नाव पुकारल्यावर तिघांतलं कोणतं धावून येणार हे पाथ नावाची एक यादी ठरवते. तिच्यात फोल्डर ओळीनं लिहिलेले असतात, आणि ज्या फोल्डरमध्ये ते नाव आधी सापडेल ते चालतं. टॉवर चौकात उभं राहून "शर्माजी!" अशी हाक मारावी आणि ज्यांचं दार आधी उघडेल ते आपले शर्माजी, असा तो न्याय आहे.

बसवणं हल्ली इतकं सोपं झालंय की त्यात लिहिण्यासारखं फारसं उरलेलं नाही. साधनाच्या संकेतस्थळावर एक ओळ असते, ती उचलून टर्मिनलमध्ये चिकटवायची. ती ओळ दूरवरून एक स्क्रिप्ट आणते आणि वाचायची उसंत न देता थेट चालवते. यात सुरक्षेचा धोका आहे हे जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि खरंच सांगतात. मला मात्र त्या ओळीची खोड वेगळी वाटते. ती घरात काय काय ठेवून जाते ते कुठे मांडून ठेवत नाही. होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारा, म्हणून सहसा न दिसणारा, एक फोल्डर. टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी या फायलीच्या तळाशी तीन-चार ओळी. कॅशे वेगळीकडे, सेटिंग्ज आणखी तिसरीकडे. टेंटवाल्यानं रात्री सामान उतरवावं आणि सकाळी म्हणावं, वही? कसली वही?

भाच्याच्या लॅपटॉपवर उबंटू आहे, आणि उबंटू ज्या लिनक्स प्रणालीवर बेतलेली ती डेबियन. हे डेबियनवाले या बाबतीत जुन्या वळणाचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या डीपीकेजी या व्यवस्थापकाची रीत अशी की प्रत्येक पॅकेजनं कोणकोणत्या फायली कुठे ठेवल्या याची यादी यंत्रातच साठवायची, साधी, कुणालाही उघडून वाचता येईल अशी. शिवाय एपीटी आणखी एक नोंद ठेवतं, की हे पॅकेज तुम्ही मागितलं म्हणून आलं की दुसऱ्या कुणाच्या सोबत आलं. वऱ्हाडातले निमंत्रित कोण आणि त्यांच्याबरोबर आलेले कोण, हे ज्याला ठाऊक त्यालाच पंगत नीट उठवता येते. मूळ पाहुणा गेला की सोबतचेही आता निघू शकतात, असं ते स्वतःहून सुचवतं.

एनव्हीएमकडे अशी वही नाही. ते काढायचं तर त्याचा फोल्डर पुसायचा आणि बॅशआरसीतल्या त्याच्या ओळी हातानं खोडायच्या. पण त्याच्यावर अन्याय नको. त्यानं आपलं जवळजवळ सगळं सामान एकाच खोलीत ठेवलेलं असतं, आणि दाराला कुलूप नसतं. हाही सभ्यपणाचा एक प्रकार आहे. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा बसवणारं रस्टअप त्याहून एक पाऊल पुढे गेलं आहे, स्वतःला काढून टाकण्याची आज्ञा ते आपल्या पोटातच घेऊन येतं. येताना परतीचं तिकीट दाखवणारा पाहुणा.

अद्ययावत करण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नोडच्या सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना दीर्घकाळ आधार मिळतो, म्हणजे एकूण तीस महिने. मग ती आवृत्ती म्हातारी होते. तीस महिन्यांत आमच्याकडे एखाद्या गल्लीतली गटारसुद्धा पुरी होत नाही. भाच्याला नवी आवृत्ती हवी, कॉलेजातला प्रकल्प जुन्यावर बेतलेला, आणि दोन्ही एकाच यंत्रात. नवं आणताना जुन्याचं काय करायचं?

याचं मला आवडलेलं उत्तर इथल्याच वेधशाळेत आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिची दुरुस्ती झाली. तिथलं सम्राट यंत्र सावलीवरून उज्जैनची स्थानिक वेळ दाखवतं. उज्जैन साधारण पाऊणशे अंश रेखांशाच्या जरा पुढे, ७५ अंश ४६ मिनिटांवर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांवरची. त्यामुळे दगड जे सांगतो ते मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटं मागे असतं, आणि ऋतूप्रमाणे त्यात थोडी आणखी कमीजास्ती. देशाची वेळ बदलली म्हणून कुणी छिन्नी घेऊन यंत्राच्या खुणा तासल्या नाहीत. शेजारी दुरुस्तीचा तक्ता लावला. सावली बघा, तक्त्यातली मिनिटं मिळवा, झालं. सूर्याचं खरं आणि रेल्वेचं खरं अशी दोन्ही खरी तिथे शेजारी शेजारी नांदतात.

डेबियनमध्ये अद्ययावत करताना हीच अदब दिसते. एखादी सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर यंत्र थांबतं आणि विचारतं, तुमची ठेवू की आमची घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. मला हा प्रश्न विचारला गेला की दर वेळी बरं वाटतं. फोनमधली अ‍ॅप्स रात्री आपण झोपलो असताना बदलतात आणि सकाळी नेहमीचं बटण जागेवर नसतं; तिथे विचारण्याची पद्धतच नाही.

आणि मग काढणं. ज्याच्याबद्दल कुणी जाहिरात करत नाही ते.

२०११ मध्ये बंबलबी नावाच्या प्रकल्पात एक घोटाळा झाला. दोन ग्राफिक चिपा असलेले लॅपटॉप लिनक्सवर नीट चालावेत म्हणून काही लोकांनी फुकट, हौसेनं केलेलं ते काम. त्यांच्या स्क्रिप्टमध्ये जुना एक फोल्डर पुसण्याची ओळ होती. पत्ता यूएसआर या मुख्य फोल्डरपासून सुरू होऊन आत आत चार पायऱ्या उतरायचा. लिहिताना यूएसआर आणि पुढच्या तिरक्या रेघेच्या मध्ये एक स्पेस पडली. यंत्रानं एका पत्त्याचे दोन पत्ते वाचले आणि पहिला पत्ता अख्ख्या यूएसआरचा निघाला. म्हणजे बसवलेल्या बहुतेक प्रोग्रामांचं घर. चालवणाऱ्यांची यंत्रं गारद झाली. दुरुस्ती कोणती, तर एक स्पेस काढली. अनुस्वारानं अर्थ बदलतो हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. इथे न लिहिलेल्या अक्षरानं, निव्वळ रिकाम्या जागेनं घर पाडलं. टेंटवाल्याचा माणूस नुसतं "सामान उचलो" एवढंच ऐकून आला असता आणि आमचं कपाटही टेम्पोत चढवून गेला असता, तर त्याला दोष देता आला असता का? वही नसली की उचलणाऱ्याला आपलं आणि घरच्यांचं यांतला फरक कळायला मार्गच नसतो.

दुसरा किस्सा २२ मार्च २०१६ चा. तारीख माझ्या लक्षात आहे कारण बरोबर एका महिन्यानं, २२ एप्रिलला, आमच्याकडे सिंहस्थाचं पहिलं शाही स्नान होतं आणि क्षिप्रेकाठी तंबूंचं गाव उभं राहत होतं. त्या दिवशी अझर कोचुलू या प्रोग्रामरनं एका नावावरून झालेल्या वादात चिडून एनपीएम या नोडच्या पॅकेजेसच्या सामायिक भांडारातली आपली सगळी पॅकेजेस मागे घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरून त्याची लांबी सारखी करायची, एवढंच त्याचं काम. पण त्यावर दुसरी पॅकेजेस अवलंबून होती, त्यांवर तिसरी, आणि जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. काही तासांत ते पॅकेज परत ठेवावं लागलं, पुढे नियमही बदलले. कायद्यानं म्हणा किंवा रागानं म्हणा, सामान त्याचं होतं, त्यानं उचललं. फक्त त्या बांबूवर किती जणांचे तंबू ताणलेले आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि तंबूवाल्यांनाही.

यंत्र कधी कधी सावध करतं, आपण ऐकत नाही. २०२१ मध्ये कॅनडातले यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन लिनक्सवर गेम खेळण्यासाठी स्टीम हे गेमचं दुकान बसवायला गेले. त्या वेळी पॅकेजमध्ये काही गुंता होता आणि ते बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागेल असं एपीटीला वाटलं. त्यानं धोक्याची सूचना दिली आणि खात्रीसाठी एक अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं, 'होय, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला. यंत्राला दोष देणारे आणि माणसाला दोष देणारे असे दोन तट पडले. मी यंत्राच्या बाजूचा नाही. ज्या घरात रोज पन्नास वेळा 'होय' म्हणावं लागतं तिथे एकावन्नावा होय कुणी विचार करून म्हणत नाही.

तर भाच्याच्या लॅपटॉपकडे. स्नॅपचं नोड काढलं, एपीटीचं काढलं, एनव्हीएमचं ठेवलं. मग मी त्याला डीपीकेजीची यादी काढायला लावली. बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला 'आरसी' अशी दोन अक्षरं होती. अपाची, मायएसक्यूएल, असली नावं. याचा अर्थ पॅकेज काढलंय, पण त्याची सेटिंग्ज अजून इथे आहेत. डेबियनमध्ये नुसतं काढणं वेगळं आणि मुळासकट काढणं वेगळं. दोन आज्ञा आहेत. नुसतं काढलं तर सेटिंग्ज मागे राहतात, न जाणो, परत यायचं झालं तर.

"हे सगळं उडवून टाकू का?" त्यानं विचारलं. नियमानं मी हो म्हणायला हवं होतं. मघापासून गिनतीचे गोडवे गात होतो. पण ज्या शहरात बसून बोलत होतो ते शहरच आरसी आहे. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं, १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. पॅकेज गेलं. मागे काय राहिलं? राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभं केलेलं महाकालाचं देऊळ, बायजाबाईंचं गोपाळ मंदिर, फ्रीगंजाचं कागदोपत्री नाव माधवनगर, आणि आमच्यासारखी घरं, ज्यांना बाहेर 'मराठी हैं' म्हणतात आणि पुण्यात 'तुम्ही हिंदी का?' विचारतात. कुणी मुळासकट काढायची आज्ञा दिली असती तर आमच्या स्वयंपाकघरातलं पुरण गेलं असतं.

"अपाची उडव," मी म्हटलं. "मायएसक्यूएल आधी विचारून."

शेवटी बॅशआरसी उघडली. वर उबंटूच्या नेहमीच्या ओळी, तळाशी एनव्हीएमच्या. मधे एक एकटीच ओळ होती, कुठल्याच साधनानं न लिहिलेली. टर्मिनलमध्ये 'घर' असं रोमन अक्षरांत टाइप केलं की होम फोल्डरमध्ये जायचं, अशी त्याच्या बहिणीनं स्वतःसाठी केलेली सोय. त्यानं कर्सर त्या ओळीवर नेला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"ही राहू दे," तो म्हणाला. "दिवाळीला येईल ती, तेव्हा विचारून घेईन."