एक स्तंभपुराण

भिंतीवर टांगलेल्या तक्त्याशी कोणी वाद घालत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. तेच आकडे एखाद्याने उभे राहून वाचून दाखवले, तर सभेत चार माणसे खाकरतात, दोघे 'मुद्द्यावर या' म्हणतात आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ हमखास पावतीपुस्तक मागतात. पण त्याच आकड्यांचे कोणी लाल-हिरवे स्तंभ काढून आणले की सगळी सभा माना डोलावते. पावतीपुस्तकवाले गृहस्थसुद्धा चष्मा पुसून 'वा, रंगसंगती छान आहे' म्हणतात आणि बटाटेवड्याकडे वळतात.

गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त झालो त्या दिवसापासून गोंदियातल्या निम्म्या मंडळांचे अहवाल माझ्या ओट्यावर येऊन पडू लागले. अक्षर बरे, रंगाचा डबा घरचा आणि मोबदला एक कप चहा. इतका स्वस्त माणूस कोण सोडतो? अशाच एका वाचनालयाच्या वार्षिक सभेसाठी मी सभासदसंख्येचा स्तंभालेख काढला. आमचे अध्यक्ष राईस मिलवाले. त्यांनी तक्ता हातभर लांब धरून पाहिला.

"मास्तर, हे दोन्ही तर सारखेच दिसून राहिले!"

"सारखेच आहेत जवळजवळ. गेल्या वर्षी ४१०, यंदा ४३०."

"मग पट्टी चारशेपासून सुरू करा ना जी! पहिले चारशे तं सगळ्यांना माहीतच आहेत. ते काऊन पुन्हा दाखवायचे?"

आता हे करून पाहा. खालचे चारशे कापले की गेल्या वर्षीचा स्तंभ एक बोट उरतो आणि यंदाचा तीन बोटे. म्हणजे वाचनालय एका वर्षात तिप्पट! मी नाही म्हणालो. त्यावर अध्यक्षांनी मला असा पेच टाकला, की चाळीस वर्षे पोरांना पेच टाकणारा मी रात्रभर कूस बदलत राहिलो. ते म्हणाले, "यातला एक तरी आकडा खोटा आहे का? दाखवा. आम्ही तांदूळ पॉलिश करतो, तेव्हा खोटा दाणा घालतो का? कोंडा तेवढा काढतो." आणि जाता जाता दारातून, "तुमचं ते थर्मामीटर तरी शून्यापासून कुठं सुरू होते?"

खोटे एकही वाक्य न बोलता खोटे बोलता येते का? धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'पासून हा प्रश्न आपल्याकडे पडून आहे. फक्त धर्मराजाकडे रंगीत खडू नव्हते.

थर्मामीटरचा मुद्दा मला खरोखर बोचला, कारण तो बिनतोड होता. तापाचा आलेख शून्यापासून काढला तर १०४ ताप असलेला माणूसही कागदावर ठणठणीत दिसेल आणि डॉक्टर त्याला ऑफिसला पाठवतील. म्हणजे 'शून्यापासून सुरू करा' हे काही वेदवाक्य नव्हे. पहाटे कधीतरी उजेड पडला. स्तंभ बोलतो तो उंचीने. त्याचे पाय कापले की तो खोटे बोलू लागतो. रेघ बोलते ती चढउताराने. तिला पाय नसतातच. ज्याच्या-त्याच्या भाषेत खरे बोलावे, एवढेच. कोंड्याचे उत्तर तर आमच्या शेजारच्या डॉक्टरांनीच दिले: जीवनसत्त्व जाते ते नेमके त्या कोंड्याबरोबर.

या स्तंभांचा जनक विल्यम प्लेफेअर नावाचा स्कॉटिश गृहस्थ. १७८६ साली त्याने स्तंभालेख छापला आणि १८०१ साली वृत्तालेख, म्हणजे भाकरीचे तुकडे करून दाखवायची ती पद्धत. पैशाच्या व्यवहारात हा माणूस फारसा निर्मळ नव्हता, हे वाचल्यावर मला अध्यक्षांबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. उलट फ्लॉरेन्स नायटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक मेले, हे सांगायला तिने १८५८ साली पाकळ्यापाकळ्यांचा आलेख काढला. रोगांच्या निळ्या पाकळ्या पसरलेल्या, जखमांच्या लाल पाकळ्या मधे आक्रसलेल्या. तिलाही मन वळवायचेच होते की! मन वळवणे हे पाप नव्हे. पण ती पाकळी मोजून पाहायची कोणाची हिंमत असेल, तर त्याला आत तेवढेच मृत्यू सापडले असते. आमच्या तिप्पट वाचनालयात शिरलेल्या माणसाला आत सापडली असती फक्त वीस जास्त माणसे. चित्रातून उलट पावली चालत मूळ वस्तूपर्यंत जाता आले पाहिजे, ही माझी साधी कसोटी. (तक्ता शून्यापासूनच लागला. रंगाचा डबा माझा होता.)

उलट पावली चालायचे तर आमच्या जिल्ह्यातला सारस बरा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी उरला आहे. गेल्या काही वर्षांच्या गणनेत जिल्ह्यात तीसच्या आगेमागे. एका शाळेच्या प्रदर्शनात पोरांनी 'दुप्पट' दाखवायला दुप्पट उंच सारस काढला होता. उंची दुप्पट केली की रुंदीही आपोआप दुप्पट होते, म्हणजे कागदावर पक्षी चौपट! व्हिएन्नात ओटो नॉयराथने १९२५ मध्ये संग्रहालय काढून हाच धडा दिला: वस्तू जास्त असेल तर चित्र मोठे करू नका, चित्रे जास्त काढा. त्याच्या तक्त्यांत एक माणूस म्हणजे हजारो माणसे असत. आमचे दुर्दैव म्हणा किंवा सोय म्हणा, आमच्या तक्त्यावर एक सारस म्हणजे एकच सारस. दोन पक्षी विजेच्या तारांत अडकून गेले, तर अहवालात 'सहा-सात टक्के घट' होते आणि कोणाला काही वाटत नाही. तक्त्यावर दोन जागा रिकाम्या दिसतात. सारस जोडीने राहतो, त्यामुळे एक जागा रिकामी झाली तरी शेजारचे चित्र विचित्र दिसते.

पण तक्ता कोणासाठी, हे मी शिकलो ते आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत. तिथे वजनाचा आलेख असतो: मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा, आत हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा. डेव्हिड मोर्ली नावाच्या डॉक्टरने नायजेरियाच्या खेड्यात ही कल्पना रुजवली, आणि त्याचा हट्ट असा की कार्ड दवाखान्यात नाही, आईच्या घरी राहिले पाहिजे. मी तिथे भिंत रंगवून देत होतो. एक बाई पोरीला घेऊन आली. तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात आणि एरवी विड्या वळणारी, अक्षरओळख नाही. सेविका ताईंनी ठिपका दिला. म्हणाल्या, "हिरव्यातच आहे. चांगलं आहे."

बाई कार्डाकडे बघत राहिली. "हिरव्यात आहे जी, पण रेघ झोपली ना."

मी ब्रश खाली ठेवला. खरेच, तीन महिने रेघ आडवी होती. ठिपका हिरव्यात असून रेघ आडवी, हे पिवळ्यात असून वर चढणाऱ्या रेघेपेक्षा काळजीचे, हे माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबराला सांगून कळले नसते. या बाईला पोरीला अतिसार होऊन गेलेला ठाऊक होता आणि तो कागदावर कुठे बसलाय, तेही दिसत होते. महिन्याच्या बैठकीत हीच पोर वृत्तालेखाच्या हिरव्या भागात जाऊन बसणार होती. तो हिरवा भाग चांगला मोठा, नारिंगी फाक पातळ, साहेब खूश. त्यात खोटे काही नाही. पण झोपलेली रेघ दाखवायला त्या गोलात जागाच नाही.

२०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. वजन आता मोबाइलवर भरतात आणि ते थेट दिल्लीपर्यंत दिसते, ही मोठीच गोष्ट. दिल्लीलाही दिसायला हवेच. परवा तीच बाई आली होती, आता धाकट्याला घेऊन. ताईंनी वजन केले, बोटाने आकडा भरला, फोन पदराला पुसला. बाई वाकून बघत होती.

"रेघ कुठी गेली जी?"

ताईंनी फोन तिच्याकडे वळवला, आलेख उघडून दिला. उन्हात काच चमकत होती. बाईने पदराची सावली धरली आणि आधी पट्टा नाही, रेघेचे शेवटचे टोक शोधू लागली.