देवाची फुले कोणाची?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या दिवसाच्या सुटीला जोडून यंदा रविवार आला, आणि आमची धाकटी बहीण नातवंडांसह राहायला आली.

अंगणातला मोगरा भरात होता. थंडीत छाटून, पाणी तोडून ताण द्यावा, मग खतपाणी करावे, तेव्हा कुठे चैत्र-वैशाखात कळ्या धरतात. सांजपूजेसाठी राखलेल्या त्या टपोऱ्या कळ्या पोरांनी तोडल्या आणि आजीला गजरा माळला. आम्ही खेकसलो, "देवाची फुले रे ती!" पोरे गप्प झाली. बहिणीने मुकाट्याने गजरा उतरवून ताटात ठेवला. माळलेले फूल तर देवाला वाहत नाहीत! आमच्या एका शब्दाने फुले देवाकडूनही गेली आणि बहिणीकडूनही.

वाचकहो, फुले खरोखर देवाची होती, की आमच्या कष्टाच्या अभिमानाची? अरणच्या सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. अजूनही पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. म्हणजे देव मळ्यात पाहुणा म्हणून येतो. तसा तो आमच्याही दारी आला असेल, अन् आम्ही त्याच्यापुढे कळ्या मोजीत बसलो!

देवासाठी राखू नये असे नव्हे. पण राखणे कोठे संपते आणि माझेपण कोठे सुरू होते, हे ज्याचे त्याने तपासावे. दुसऱ्या सकाळी आम्ही परडी पोरांच्याच हाती दिली. म्हटले, "पाच देवाला, बाकी आजीला." बहीण हसली, पण गजरा मागायला तिला दुपार झाली.